इमारत निधी

माझी जाहीर प्रार्थना आमच्या मंडळीत प्रसिद्ध होती. चांगल्या अर्थाने, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. नंतर कळलं, की मी उभा राहिलो की मागच्या सतरंजीवरच्या बाया एकमेकींना खूण करायच्या आणि एखादी घरी जाऊन चुलीवरचा भात उतरवून यायची. ती परत येईपर्यंत मी फार तर आजारी लोकांपर्यंत पोचलेलो असे. राज्यकर्ते, शेतकरी आणि दूरदेशीचे सेवक अजून बाकी असत.

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आमची मंडळी. १८९९-१९००च्या दुष्काळात माझे पणजोबा मिशनच्या बोर्डिंगात भाकरीसाठी आले आणि तिथलेच झाले. तेव्हा वाशीमला बासीम म्हणत आणि इथलं काम मेथडिस्ट मिशनकडे होतं. १९३०च्या दशकात ते नाझरिन मिशनने घेतलं. डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं ते त्याच दशकात. माझी आई तिथे नर्स झाली. सांगायचं एवढंच, की विश्वास मला शेतीसारखा वारसाहक्काने मिळाला, सातबाऱ्यावर नाव चढलेलं होतं. जमीन नांगरायची असते हे माहीत होतं, पण मी बांधावर उभा राहून दुसऱ्यांच्या शेतातलं तण मोजत असे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर मास्तरकी केली. त्यामुळे पवित्र शास्त्रसुद्धा लाल पेन्सिल घेऊनच वाचलं. वर्षाला एकदा उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पूर्ण व्हायचं. वचनस्पर्धेत मला कोणी हरवलं नाही. लग्नात, मयतीत, भावकीच्या भांडणात कुठलं वचन कुठे चपखल बसेल हे मला लगेच सुचायचं. ते माझ्यावरही बसतं का, हे बघायचं मात्र कधी सुचलं नाही.

मंडळीत एक पोरगा ढोलकी वाजवायचा. नारायण वामन टिळकांची भजनं त्याच्या हाताखाली अशी उचलली जायची, की रस्त्यावरचे लोकही दाराशी थांबत. पोरगा प्यायचा. रोज नाही, पण लग्नाच्या सुपाऱ्या असल्या की हमखास. एका रविवारी तो आदल्या रात्रीच्या वासासकट उपासनेला आला आणि मी पंचायतीची बैठक बोलावली. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला. मंडळीतल्या दारुड्याशी संगत नको, त्याच्या पंगतीला बसू नका, असा तो भाग. पाळकसाहेब म्हणाले, आधी त्याच्याशी बोलून बघू. मी म्हणालो, शास्त्रात स्पष्ट आहे. त्याला सहा महिने ढोलकी आणि प्रभुभोजन दोन्ही बंद करण्याचं पत्र मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. ते पत्र मला इतकं आवडलं, की मी त्याची एक प्रत ठेवली.

सहा महिने संपले. पोरगा आला नाही. नाताळच्या रात्री फाटकाशी उभा दिसला, चपला घालूनच. मी आत मुलांची ओळ लावत होतो. बाहेर जाऊन ‘ये’ म्हणायला किती वेळ लागला असता? मी गेलो नाही. मला वाटलं, पश्चात्ताप असेल तर येईल आपण होऊन. त्यानंतर त्याची आईही यायची थांबली. ती आणि माझी बायको पापड, कुरडया बरोबर करायच्या. तेही संपलं. भजनं आम्ही पुढे टाळ्यांवर म्हणत राहिलो, त्यात ताल कमी आणि चिकाटी जास्त होती.

आमची परंपरा जॉन वेस्लीची. १७३८च्या मे महिन्याच्या २४ तारखेला, लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत, रोमकरांच्या पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना ऐकताना त्याचं मन कसं पेटलं, ही गोष्ट मी दरवर्षी मे महिन्यात संडे स्कूलला सांगायचो. तिच्या आधीची गोष्ट सोडून द्यायचो. १७३७ साली हाच वेस्ली अमेरिकेत, जॉर्जियातल्या सव्हानाला पाळक होता. सोफी हॉपकी नावाच्या मुलीत त्याचा जीव अडकला होता, तिने लग्न दुसऱ्याशी केलं. काही महिन्यांनी नियमावर बोट ठेवून त्याने तिला प्रभुभोजन नाकारलं. खटला झाला आणि डिसेंबरात साहेबांना तिथून निघून यावं लागलं. नियमात तो कदाचित बरोबर होता. माझ्यासारखाच. मुलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी प्रश्न विचारले असते.

आता पैशाचं. मंडळीच्या नव्या हॉलसाठी इमारत निधी जमत होता आणि मी खजिनदार होतो. खात्यावर दोन सह्या लागत. दुसरी सही एका निवृत्त कंपाउंडरची. त्याच्या घरी सारखं कोण जाणार, म्हणून तो कोऱ्या चेकांवर आधीच सह्या करून देई. म्हणे, “मास्तर, तुमच्यावर भरोसा नाही तं कोनावर?”

२०१९चा मृग कोरडा गेला. पाऊस आला तो जून संपता संपता आणि पेरणीला एकच झुंबड उडाली. माझ्या पोराच्या कॉलेजची फी नुकतीच भरलेली, पीककर्ज जुन्या थकबाकीत अडकलेलं. भावाकडे मागितले असते तर त्याने दिले असते. पण वर्षभरापूर्वीच मी त्याला उधळेपणावर नीतिसूत्रांतली वचनं ऐकवली होती. तेव्हा तो रस्ता मीच बंद करून ठेवलेला.

कपाटातून चेकबुक काढलं तो क्षण मला नीट आठवतो. मनात वादळबिदळ काही उठलं नाही, आणि भीती वाटावी अशी गोष्ट हीच. मी अतिशय शांत होतो. पेन चालत नव्हतं म्हणून बाजूच्या वर्तमानपत्रावर गोल गोल गिरवलं, मग ‘सेल्फ’ लिहिलं, आकडा घातला चाळीस हजार, अक्षरी लिहिलं, पुढे ‘फक्त’ लिहून रेघ मारली, म्हणजे पुढे कोणी लबाडी करू नये. दिवाळीपर्यंत माल विकला की भरून टाकू. चोरी तर नाहीच, उसनवारीही म्हणता येणार नाही, कारण निधी तसाही पडूनच होता. बँकेतून थेट कृषी केंद्रात गेलो, बियाण्याच्या बॅगा आणि डीएपी घेतलं. त्याच संध्याकाळी प्रार्थनासभा होती. त्या दिवशी माझी प्रार्थना नेहमीपेक्षाही लांबली. त्यात प्रामाणिकपणावर एक परिच्छेद होता.

सोयाबीन चांगलं आलं. सोंगून गंजी लावली आणि ऑक्टोबरच्या शेवटी जो पाऊस लागला तो उघडेना. त्या वर्षी अख्ख्या महाराष्ट्राचं तेच झालं. ताडपत्री उचलून बघितलं तर शेंगांना कोंब. आतून गरम वाफ येत होती आणि आंबूस वास. हाताला चिकटलेले काळे दाणे मी पँटला पुसले आणि पहिला विचार पिकाचा आला नाही, पासबुकाचा आला.

हिशेब फेब्रुवारीत बाहेर आला. वार्षिक सभेआधी पाळकसाहेबांनी पासबुक मागितलं, तेव्हा मी आधी ‘बँकेत एन्ट्री व्हायची आहे’ असं म्हणालो. हे खोटं चाळीस हजारांपेक्षा जास्त टोचतं, कारण ते क्षणात सुचलं. मग सांगून टाकलं. कंपाउंडर तिथेच बसला होता. तो चष्मा पुसत एवढंच म्हणाला, “माह्याबी सह्या होत्याच की.”

मी तयारीत होतो. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता (अक्षर याही वेळी चांगलं). मंडळीपुढे उभं करतील, प्रभुभोजन बंद करतील, मी खाली मान घालून सोसेन, सहा महिन्यांनी ताठ होईन, असा माझा अंदाज. पाळकसाहेब म्हणाले, “खजिनदारकी सोडा. पैसे जमतील तसे आणून द्या, पावती इमारत निधीचीच फाडू.”

“आणि शिक्षा?”

“कसली?” म्हणाले. “रविवारी प्रभुभोजन आहे, या.”

मला राग आला. खरंच सांगतो, आभार नाही, राग आला. शिक्षा झाली असती तर ती भोगून मी मोकळा झालो असतो, खातं बरोबरीत आलं असतं. हे जे हातावर ठेवलं त्याची परतफेड करायला जागाच ठेवली नव्हती. आयुष्यभर मी कृपेवर धडे दिले, आणि ती पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली तेव्हा मला तो अपमान वाटला. त्या रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो. बायको जाऊन आली. चप्पल काढता काढता म्हणाली, “तुमचं डोकं पुष्कळ वर्षांपासूनच दुखतंय.”

पुढच्या महिन्यात लॉकडाऊन लागला. उपासना बंद. २०२०चा ईस्टर १२ एप्रिलला आला, तो आम्ही दोघांनी ओसरीत केला. सवयीने मी प्रार्थनेला उभा राहिलो आणि दोन वाक्यांत अडलो. समोर मंडळी नव्हती. ऐकायला बायको आणि देव, आणि दोघांनाही मी चांगला माहीत होतो. तेव्हा कळलं, की इतकी वर्षं मी देवाकडे पाठ करून बोलत होतो. त्या काळात माझ्या प्रार्थना फार तुटक झाल्या. काही दिवस नुसतं बसणंच. कंटाळा यायचा. कोणी म्हणेल, एकांतात देव भेटला. तसं काही झालं नाही. फक्त खोटं बोलायला ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मी भाषणांत पुष्कळदा वापरलेली. १८८३मध्ये इंग्लंडात, वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. संस्कृत पंडित बाई, पुढे केडगावला मुक्ती सदनात शेकडो मुलींना आसरा देणारी, मूळ भाषांवरून मराठी बायबल उतरवणारी. तिला असं लिहायला संकोच वाटला नाही. मी हा दाखला नेहमी ‘नामधारी ख्रिस्ती लोकांसाठी’ म्हणून द्यायचो आणि देताना तिसऱ्या सतरंजीकडे बघायचो.

त्याच उन्हाळ्यात करिंथकरांचं दुसरं पत्र वाचताना दुसऱ्या अध्यायाशी थांबलो. पौल लिहितो, त्या माणसाला झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा माणूस पहिल्या पत्रातलाच की दुसरा, यावर पंडितांचे वाद आहेत. माझा वाद वेगळाच होता. माझ्या बायबलात पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय लाल रेघांनी भरलेला आणि हे पान कोरं करकरीत. दरवर्षी वाचत होतो मी हे. दरवर्षी.

लॉकडाऊन उठल्यावर त्या ढोलकीवाल्या पोराच्या घरी गेलो. तो अकोल्याला एका बँडपथकात होता, घरी आई होती. मी माफीचं बोलायला लागलो. तिने चहा टाकला, कप पुसून समोर ठेवला आणि म्हणाली, “गुरुजी, तुमाले जे बोलायचं होतं थे तुमी तवाच बोलले. चाय घ्या.” मी चहा घेतला. पोराचा फोन नंबर मागितला, तो तिने दिला नाही. ती आता दुसऱ्या मंडळीत जाते, आणि मला ते बरोबर वाटतं. पोरगा कुठल्याच मंडळीत जात नाही. त्याचं नाव मी रोज घेतो. त्याने काही होतं का, मला दिसलेलं नाही.

पैशाचं मी एका घरप्रार्थनेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पाळकसाहेबांनी झाकलं ते मायेने, पण मंडळीचा पैसा मंडळीपासून लपवणं हिशेबाला धरून नव्हतं, असं माझं मत आजही आहे. सांगून झाल्यावर मी श्वास धरून उभा. एक म्हातारी म्हणाली, “आमाले माहीत हाये, मास्तर. बँकेतला शिपाई माह्या नंदेचा जावई नं.” म्हणजे वर्षभर सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी मला दर रविवारी संडे स्कूल घेऊ दिलं होतं.

हप्ते फिटले. चेक आता कोणी कोरे ठेवत नाही, एवढी शिस्त मंडळीला माझ्यामुळे लागली. हॉलचा स्लॅब पडला आणि दारापाशी देणगीदारांचा फलक लागला. नव्या खजिनदाराने नावं पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून उतरवली. सगळ्या हप्त्यांच्या पावत्या इमारत निधीच्याच असल्यामुळे त्याने सरळ बेरीज मारली. फलकावर वरून तिसरं नाव माझं आहे, समोर चाळीस हजार.

मी पाळकसाहेबांना म्हणालो, हे पुसायला हवं. ते हसले, म्हणाले, पेंटरला विचारा. पेंटर म्हणतो, एक ओळ पुसली तर डाग दिसेल, अख्खा फलक नव्याने करावा लागेल, आणि खर्च मंडळीने द्यायचा. नव्या खजिनदाराने सांगितलं, निधीत तेवढे पैसे नाहीत.