पुढची ओळ

रात्रपाळी संपली की सुट्टीला धाकट्या भावाला घेऊन पन्हाळ्यावर येतो. सज्जाकोठीजवळ बसून भाकरी खातो. कोल्हापूरची दिशा धुरकट दिसते.

त्याच कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री, नात्यानं भाऊ. कलाशाळेचं तोंड न बघता नाटकाचे पडदे रंगवून दोघांनी हात तयार केला. हातानं कमावलेलं नाव लावलं, पेंटर. मग सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचा ध्यास घेतला. १९१६ ला आनंदराव गेले. कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला. १९२५ च्या त्यांच्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. मला तो आमचा बापच वाटतो.

तिकडं वॉर्सात एफ्राइम आणि मेनाशे सायडेनबॉयटेल, ज्यू जुळे भाऊ, दोघं मिळून एकच चित्र रंगवायचे. १९४५ ला नाझी छळछावणीत दोघंही मारले गेले. अर्धं राहिलेलं पुरं करायला मागं भाऊसुद्धा ठेवला नाही.

मित्रांनो, जातीचा द्वेष एवढ्या थराला जातो. म्हणून माझी कवितेची वही मी भावाच्या हातात दिलीय. सूतगिरणीत माझं काही बरंवाईट झालं, तर पुढची ओळ त्यानं लिहायची. आज त्यानं माझी एक ओळ खोडली. बरोबर खोडली.