शंभराच्या पुढचा आकडा

अंगारकीमुळे राजुरात गणपतीला तोबा गर्दी. आडवाटेने शेततळ्यावर पोचलो. पोकलेन उभी, स्क्रीनवर कोड: एसपीएन १००, एफएमआय ४. फोनवर कुणी तरी ‘ऑइल पंप गेला, इंजिन उघडा’ सांगून टाकलेलं. मालकाचा चेहरा तेवढ्यानेच उतरला होता.

१०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, इथवर सगळे वाचतात. खरी गोम पुढच्या आकड्यात. तिथे १ असता तर प्रेशर खरंच पडलंय, इंजिन ताबडतोब बंद. ४ म्हणजे सेन्सरकडून येणारं व्होल्टेज नको इतकं कमी, म्हणजे बहुधा वायरिंगचं दुखणं. तरी आधी साधं गेज लावलं. प्रेशर ठणठणीत. कनेक्टर काढून मीटर धरला तर ५ व्होल्टचा पुरवठाही चोख. मग चावी बंद करून सिग्नलची वायर बॉडीशी तपासली, आणि मीटर वाजला. हार्नेस चाचपत गेलो. ब्रॅकेटच्या धारेवर इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलेलं, वर काळ्या मातीचा लपका.

स्कॅनर लावला की रोग कळतो, हा समज काही जात नाही. कंट्रोलरला काय दिसलं, एवढंच तो सांगतो. एकदम ढीगभर कोड आले तर मी आधी बॅटरी आणि अर्थिंग बघतो, मग कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या दोन वायरींमधला रोध: टोकांचे १२० ओहमचे दोन रेझिस्टर मिळून ६० भरायला हवेत.

वायर जोडली, स्लीव्ह चढवली, कोड पुसला. “एवढ्याशा वायरीचे एवढे पैसे?” मालकाने घासाघीस केलीच.