मुदत ठेव

घरात बाई गरोदर असली, की तिचा चेहरा ही सार्वजनिक मालमत्ता होते. येणारा-जाणारा तो नोटीस बोर्डासारखा वाचून जातो.

आमच्या सौ.च्या गालांवर पाचव्या महिन्यात तपकिरी वांग उमटले आणि आमच्या दोन खोल्यांत तज्ज्ञांची रीघ लागली. "चेहरा काळवंडलाय, मुलगाच!" असा निकाल मावशींनी दिला. समोरच्या काकूंच्या मते तीच खूण मुलीची. दोघींचाही अनुभव दांडगा, आणि दोघींचेही निम्मे अंदाज खरे ठरलेले. नाणेफेकीचाही हिशेब एवढाच येतो, हे मी कारकुनी इमानाने सांगतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि संसदेने १९९४ साली कायदा केला. पण त्यात मशीनवाले सापडतात, मावशी सुटतात.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितले, "हा हार्मोन्सचा खेळ. त्वचेतलं रंगद्रव्य वाढतं. वांग येतात, पोटावर मधोमध काळी रेघ उमटते. मुलगा-मुलगी याच्याशी काडीचा संबंध नाही. उन्हात छत्री घ्या. बाळंतपणानंतर बहुतेक फिकं होतं. मात्र पुढे कधी तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, फार खाज सुटली, तर तेल चोळत बसू नका. लगेच या. कधीकधी ते यकृताचं दुखणं असतं." केशराच्या दुधाने बाळ गोरे होते का, हेही मी विचारून घेतले. रंग आईबापांकडून येतो म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, आणि केशराचा खर्च वाचला.

केसांचे मात्र उलटे. एरवी माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. सौ.चे गळायचे जवळजवळ थांबले. वेणी अशी भरली, की जुनी रबरे पुरेनात. सौ. आरशासमोरून हलेना.

बाळ तीन महिन्यांचे झाले आणि फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. न्हाणीघराची मोरी तुंबली. मावशी म्हणाल्या, "बाळ हसायला लागलं की आईचे केस जातातच." यात धीर किती आणि शाप किती, कळेना. एका रात्री सौ. हातात गुंतवळ घेऊन मुकाट रडत बसली. "अहो, मला टक्कल पडणार," एवढेच म्हणाली. मग मी माझ्या भाषेत समजावले, "हे बघ, गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं. गळायचे केस ते डोक्यावरच धरून ठेवतं. म्हणजे मुदत ठेव. बाळंतपणानंतर मुदत संपली, आता अडलेली रक्कम एकदम बाहेर पडतेय. मुद्दल मुळाशी शाबूत आहे."

"बँका बुडतात तेव्हाही असंच सांगतात ना?" सौ. म्हणाली. पण डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितले, फक्त व्याजाची भाषा वगळून. वर्षभरात भरून येतात. नाहीच आले तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासू.

पहिल्या वाढदिवसाच्या आधीच तिच्या कपाळावर बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे राहिले. कितीही तेल लावले तरी बसेनात. सौ.ने ते आरशात मोजले, आणि आम्ही काउंटरवर नोटांचे बंडल मोजतो तसे पुन्हा एकदा मोजले.