दादरच्या पुलावर शिकलेली नजर

तुम्ही दादर स्टेशनवर पहिल्यांदा उतरलात, तर एक गोष्ट हमखास होईल. कुठे जायचं हे बघायला तुम्ही दोन सेकंद थांबाल आणि मागून आवाज येईल, "चला, पुढे चला!" माझंही तसंच झालं होतं. मी इंदूरच्या मराठी घरात वाढले. पहिल्या नोकरीसाठी मुंबईला निघाले, तेव्हा आईने डब्यात शंकरपाळे भरून दिले आणि एकच सूचना दिली, "सांभाळून राहा गं." पण सांभाळून राहायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं? ते मला दादरने शिकवलं.

मध्य आणि पश्चिम रेल्वे इथे एकत्र येतात. एका लाईनवरून उतरलेली माणसं पुलावरून दुसऱ्या लाईनकडे धावत असतात. पश्चिमेला उतरलात की फुलबाजार लागतो. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या टोपल्या, ओल्या पानांचा वास. आणखी पुढे चालत गेलात तर शिवाजी पार्क आणि चैत्यभूमी. पण खरं सांगू? पहिले काही महिने मी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. कानात इअरफोन, हातात मोबाईल आणि मान खाली.

त्या संध्याकाळी काय झालं?

मी बायकांच्या डब्यात दारापाशी उभी राहून मेसेज टाईप करत होते. सिग्नलमुळे गाडी हळू झाली. अचानक शेजारच्या मावशींनी माझं मनगट धरून मला आत ओढलं. त्याच क्षणी दारावर खाडकन काठी आपटली. रुळांच्या कडेला उभं राहायचं, दारातल्या प्रवाशाच्या हातावर फटका मारायचा आणि खाली पडलेला मोबाईल उचलून पळायचं, ही इथल्या चोरांची जुनी पद्धत आहे. माझा मोबाईल वाचला. पण त्या फटक्याने तोल गेला असता, तर मी वाचले असते का?

मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, फोन घरी पण बघता येतो. दारात उभं राहिलं की बाहेर बघायचं." काठी घेतलेला तो मुलगा मलाही दिसू शकला असता. मावशींना दिसला, कारण त्या बघत होत्या.

बघायचं म्हणजे काय बघायचं?

दुसऱ्या दिवसापासून मी रोज प्रवास करणाऱ्या बायकांकडे लक्ष देऊ लागले. त्या घाबरलेल्या नसतात. गप्पा मारतात, भाजी निवडतात, डुलकीही काढतात. पण काही गोष्टी त्या सवयीने करतात आणि त्या तुम्हालाही कुठेही करता येतील.

गाडीत चढायच्या आधीच पर्स किंवा सॅक पुढे, पोटावर येते. प्लॅटफॉर्मवर कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असतं, म्हणजे ऐनवेळी धावावं लागत नाही. उतरायचं स्टेशन कोणत्या बाजूला येणार, हे आधी विचारून ठेवतात. रात्री उशिरा डबा रिकामा दिसला, तर चार बायका असतील तिथे जाऊन बसतात. गाडीत बसल्यावर घरी एक मेसेज, पोहोचल्यावर दुसरा.

सगळ्यात महत्त्वाची सवय म्हणजे भीड न बाळगणं. एखादा माणूस उगाच जवळ येतोय असं वाटलं, तर आपण विचार करतो, 'उठून गेले तर त्याला काय वाटेल?' माझी आजी म्हणते, भीड भिकेची बहीण. मनात शंका आली की जागा बदला. कारण सांगायची गरज नाही. हे मुलींनाच नाही, घरातल्या शाळकरी मुलालाही सांगा आणि आजोबांनाही.

गर्दीतही एक नजर बाहेरच्या वाटेवर

दादरहून चर्चगेटकडे निघालात की पुढचं स्टेशन प्रभादेवी. आधी त्याचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, जोराचा पाऊस सुरू होता. इथल्या अरुंद पादचारी पुलावर माणसं अडकली, चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. ती ऑफिसला, कामाला निघालेली साधी माणसं होती. चूक त्यांची नव्हती. पूल रुंद हवा, ही जबाबदारी प्रवाशांची नसते. पण म्हणूनच, आपल्या हातात जे थोडंफार आहे ते तरी करावं.

पुलावर चढायच्या आधी वर बघा. गर्दी पुढे सरकत नसेल, तर दोन मिनिटं खालीच थांबा किंवा दुसरा जिना घ्या. जिन्यात फोन बघायला थांबू नका. दाट गर्दीत सापडलात, तर दोन्ही हात छातीसमोर घ्या, म्हणजे श्वास घ्यायला जागा राहते. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. लोंढ्याच्या विरुद्ध ढकलण्यापेक्षा त्याच्यासोबत चालत, तिरकं तिरकं कडेला सरका. जत्रेत, देवळात, गणपतीच्या गर्दीतही हेच करा.

आणखी एक काम आज घरबसल्या करा. आपत्कालीन मदतीचा ११२ आणि रेल्वेचा १३९ हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा. फोनमधली एसओएस सोय कशी चालते, हे सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

आता मी पुलावरून मान वर करून चालते. पुढे गर्दी कुठे आहे, जिना कुठे आहे, पोलीस कुठे उभे आहेत, हे आपोआप दिसतं. आणि गंमत म्हणजे, झेंडूही तेव्हापासूनच दिसायला लागला. गेल्या आठवड्यात दारात एक कॉलेजची मुलगी फोनमध्ये डोकं घालून उभी होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "थोडी आत ये गं."

तुम्ही कधी दादरला आलात, तर फुलबाजारात नक्की जा. फक्त पूल उतरेपर्यंत फोन पर्समध्ये असू द्या.