पोळ्याचा बाजार आणि हबशी महाल

आपल्या जुन्नर-आंबेगावकडे बैलपोळा भाद्रपद अमावास्येला. त्याआधीच्या रविवारी जुन्नरच्या बाजाराला जाल, तेव्हा दोन तास हाताशी ठेवा आणि गावाच्या पूर्वेला हापूसबागेपर्यंत जाऊन या. मंचरकडच्या मंडळींनी नारायणगावला एसटी बदलावी. तिथून जुन्नर पंधरा किलोमीटर.

आधी बाजार, कारण सकाळी माल निवडून घेता येतो. गोंडे, बाशिंगं, घुंगरमाळा, झुली, शिंगांच्या पितळी शेंब्या, हिंगुळाच्या पुड्या. रंग बघूनच पोरं हरखतात. पण तुम्ही कासरे-वेसणींपाशी थांबा. नायलॉनचं दावं स्वस्त नि टिकाऊ खरं, पण त्याची वेसण बैलाचं नाक कापते. घायपाताच्या वाखाची, हातानं वळलेली वेसण मऊ पडते. एक आजोबा पायाच्या अंगठ्यात वाख अडकवून तिथंच वळत बसले होते. ह्यांनी दोन वेसणी आणि चार गोंडे घेतले.

खरं सांगायचं तर आमच्या दावणीला यंदा बैल नाहीत. वैशाखात जोडी विकली. मी काही बोलले नाही, पण नातवानं विचारलंच, "आजोबा, हे कुणाला घालायचं?" हे म्हणाले, "चल, तुला महाल दाखवतो."

हापूसबाग म्हटल्यावर नातवाला आंबे आठवले. आंब्याचा काही संबंध नाही! हबशी बाग, तिचं बोलता बोलता हापूसबाग झालं, असं सांगतात. हबशी सरदारांचा हा बागमहाल आता पडका आहे. जवळच सौदागर घुमट आहे. चौकोनी दगडी इमारत आणि वर भलामोठा घुमट. आत कबरी आहेत, तेव्हा चपला बाहेर काढा आणि पोरांना आरडाओरडा करू देऊ नका.

1600 नंतर काही काळ जुन्नर निजामशाहीची राजधानी होतं. कारभार मलिक अंबरच्या हाती. हा मूळचा आफ्रिकेतल्या हबसाणातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि शेवटी दख्खनेत वजीर झाला. आपल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीनं त्याचं मोठं काम म्हणजे जमिनीचा धारा. इजारदार मनाला येईल तेवढा वसूल करत. ते मोडून त्यानं जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. मलिकंबरी धारा म्हणतात तो हाच. 1626 साली तो वारला. त्याची कबर मात्र इथं नाही, खुलताबादला आहे.

नातू ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे त्यालापण बाजारात विकला होता?" हे गप्पच झाले. मीच म्हटलं, "हो रे बाबा."

भाकरी घुमटाच्या सावलीत न सोडता बाहेर झाडाखाली सोडली. पाणी घरूनच न्यावं. परतीच्या एसटीत गर्दी फार. गोंडे चुरगळतील म्हणून हे मांडीवर घेऊन बसले. नारायणगाव जवळ आल्यावर म्हणाले, "ज्यांना जोडी दिली त्यांचं गाव काही लांब नाही. पोळ्याला जाऊन येऊ." पुरणपोळ्या किती न्यायच्या, एवढंच मी विचारलं.