गळ नंतर, आधी मच्छरदाणी!

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, पण मूळच्या नागपूरच्या एका मित्राने मध्यंतरी मला एक यादी पाठवली. ‘फिशिंग ट्रिपसाठी मस्ट’ असं वर लिहिलेलं. कार्बन फायबरचा रॉड, परदेशी रीळ, चमचमणारे खोटे मासे, रबरी बेडूक, छातीपर्यंत येणारी वॉटरप्रूफ विजार, भारीतला गॉगल आणि बिअर थंड ठेवायला आइस-बॉक्स. बिल बघितलं तर त्याच्या बाइकचे चार हप्ते सहज निघाले असते. खाली प्रश्न, ‘‘चंद्रपूर-गडचिरोलीला एवढं पुरेल ना गं?’’

पुरेल रे बाबा, उरेलसुद्धा! फक्त तिकडे जे खरंच लागतं, त्यातलं जवळपास काहीच या यादीत नाही.

मी काही मासेमारीतली एक्सपर्ट नाही. एका स्टोरीसाठी नागभीडच्या बाजूला गेले होते, तलावाच्या पाळीवर दोन तास गप्प बसले आणि त्या बसण्याची चटकच लागली. गेल्या तीन वर्षांत पाच चकरा झाल्या. मासे किती मिळाले ते विचारू नका. बॅग कशी भरायची, ते मात्र आता झोपेतही सांगेन.

सुरुवात आइस-बॉक्सपासून करू, कारण तोच सगळ्यात आधी घरी ठेवायचाय. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मधे वैनगंगा. म्हणजे अलीकडच्या काठावर गाडीत जी बाटली चालते, तीच पूल ओलांडला की गुन्हा. वीकेंड मूडमध्ये निघालेल्या गँगला हे आधी सांगितलेलं बरं. आइस-बॉक्सच्या जागी पिण्याच्या पाण्याचा कॅन ठेवा. माणशी चार लिटर धरा, तिकडचं ऊन कोणाची गय करत नाही.

आता खरा मुद्दा. पाणी कोणाचं? आपल्याला वाटतं, तलाव म्हणजे सगळ्यांचाच. गेलो, गळ टाकला, झालं. पण पूर्व विदर्भात जे ६ हजारांवर मामा तलाव आहेत (मामा म्हणजे माजी मालगुजारी, आईचा भाऊ नव्हे!), त्यांना मोठा इतिहास आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी उतार बघून पाळी घातल्या, धानाला पाणी दिलं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. आज त्यातल्या बऱ्याच तलावांवर मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो.

आणि मासे आपोआप येत नाहीत. रोहू, कतला, मृगळ हे तिघेही पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या तलावात त्यांची वीण सहसा होत नाही. म्हणून दरवर्षी मत्स्यबीज विकत आणून सोडावं लागतं. बोटभर लांबीच्या त्या पिल्लांना ‘बोटुकली’ म्हणतात. किती गोड शब्द आहे ना? पण त्या बोटुकलीसाठी संस्थेने पैसे मोजलेले असतात, कधी उधारीवर. पाऊस कमी झाला, तलाव आटला की पैसे बुडाले. आपण ज्याला ‘कॅच’ म्हणून फोटो काढतो, तो कोणाच्या तरी वर्षाच्या हिशेबातला मासा असतो.

पहिल्या खेपेला एका मामांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. मी विचारलं, ‘‘मामा, इथं गरी टाकली तर चालेल का?’’ तिकडे गळ टाकण्याला ‘गरी टाकणं’ म्हणतात. ते हसले. ‘‘टाका ना जी ताई. पानी सरकारचं हाय, पन मासोरी आमची हाय. तेवढं ध्यानात ठेवा.’’

त्यामुळे माझ्या यादीत नंबर एकला आहे संस्थेच्या अध्यक्षांचा किंवा सचिवांचा फोन नंबर, तोही कागदावर लिहिलेला. आदल्या दिवशी बोलायचं, पैसे किती ते ठरवायचं, घासाघीस करायची नाही. गडचिरोलीत आणखी एक पायरी असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना जंगलावर जे सामूहिक हक्क दिले, त्यात पाण्यातले मासेही येतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये असे हक्क मिळाले आणि देशभर त्याचं नाव झालं. अशा गावात ग्रामसभेला विचारल्याशिवाय गळ बॅगेतून बाहेर काढायचा नाही. आणि ताडोबाचा तर विचारही नको. राष्ट्रीय उद्यान आहे ते, तिथे मासेमारीला बंदी. शिवाय ताडोबा तलावात मगरी आहेत. कायद्याला नाही तर निदान त्यांना तरी घाबरा!

एवढं झालं की मग गळ. मामांची गरी बघितली तर तुमचा कार्बन फायबर लाजेल. वाळलेल्या बांबूची हलकी काठी, टोकाला तंगूस, ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा तरंगायला, खाली शिशाचा मणी आणि गळ. रोहूसाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी, बाकीच्यांसाठी गांडूळ. सगळा खर्च एका कॉफीपेक्षा कमी. रॉड न्यायचाच असेल तर दुमडणारा, साधा न्या. एक पक्कड मात्र हवीच. मी गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकते. लहान मासा लागला तर तो फार न फाटता सुटतो, आणि गळ आपल्याच अंगठ्यात घुसला तरी डॉक्टर शोधत पन्नास किलोमीटर जावं लागत नाही.

त्या यादीतला रबरी बेडूक मात्र अगदीच फालतू नाही हं. तो मरळसाठी असतो. मरळ हा तिकडचा हिरो. हवेतला श्वास घ्यायला वर येतो, त्यामुळे कमी पाण्यातही टिकतो, आणि शिकारी असल्याने पृष्ठभागावरच्या बेडकावर झडप घालतो. पण पावसाळ्यात पाणवनस्पतींजवळ नारिंगी-लालसर पिल्लांचा एक गोळाच्या गोळा हलताना दिसला, तर बेडूक गुपचूप डबीत परत ठेवा. त्या गोळ्याखाली आई-बाप राखण करत असतात. ते उचलले की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. मामा अशा वेळी काठीच उचलून घेतात.

आता वाघ. टाळून चालणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ ताडोबाच्या हद्दीत बसून राहत नाहीत. शेतात, झुडपांत, तलावाच्या पाळीवर येतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या बायकांना घरी बसण्याची चैन नव्हती. आपल्याला आहे. मासे पहाटे आणि संध्याकाळी जास्त लागतात, हे पुस्तकात बरोबर लिहिलंय, पण वाघ फिरण्याच्या वेळाही त्याच. ‘‘वाघ बी इतंच पानी पेते जी,’’ असं मामा इतक्या सहज म्हणतात, जणू शेजारचे काका चहाला येतात!

यावर कुठल्याही दुकानात वस्तू मिळत नाही. माझ्याकडे आहे ते घड्याळ. सकाळी दहाच्या आधी पाण्यावर जायचं नाही आणि चारच्या ठोक्याला उठायचं, तरंगा बुडत असला तरी. एकटीने बसायचं नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा वाटू शकतो, असं वन विभागाची माणसं गावोगाव सांगतात. म्हणून झुडपाला पाठ करून बसायचं नाही आणि सोबत एक जण उभा हवा, हातात काठी. इअरफोन? अजिबात नाही.

रात्रीसाठी मच्छरदाणी. लेखाचं टायटल उगाच नाही दिलेलं! गडचिरोली वर्षानुवर्षं मलेरियासाठी ओळखला जातो, आणि तिथे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा फाल्सिपेरम प्रकार भरपूर. त्याचा डास रात्री चावतो, आणि क्रीम काही तासांत उतरतं. दुसरं कारण मण्यार. हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश बारीक, दुखतही नाही, कळेपर्यंत उशीर होतो. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डास आणि साप दोघांनाही बाहेर ठेवते. दोनशे-चारशे रुपयांत याहून भारी गिअर असेल तर मला कळवा. जोडीला टॉर्च आणि घोट्याच्या वर येणारे बूट; रात्री बाथरूमला जाताना सँडल नको. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गडचिरोलीला गेल्याचं आवर्जून सांगा. शहरातला डॉक्टर ‘व्हायरल’ म्हणून पॅरासिटामॉल देऊन मोकळा होतो.

मुलींसाठी एक एक्स्ट्रा. पूर्ण बाह्यांचा जाड सुती सलवार-कुर्ता त्या वॉटरप्रूफ विजारीपेक्षा शंभर पटीने बरा. काटे-डास अडवतो, आणि पाळीवर धुणं धुणाऱ्या बायका तुमच्याशी बोलायला येतात. निम्मी माहिती मला त्यांच्याकडूनच मिळालीय.

तलावाऐवजी वैनगंगेवर बसणार असाल तर वर गोसीखुर्द धरण आहे, हे विसरू नका. २०२० च्या ऑगस्टअखेर त्याचे सगळे ३३ दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं पाण्यात गेली. पावसाळ्यात विसर्गाची बातमी बघितल्याशिवाय नदीपात्रात पाय ठेवू नका. भामरागडकडे जाणार असाल तर ओळखपत्र जवळ असू द्या, आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. तुम्ही कुठे आहात ते घरी आधीच सांगून ठेवा.

शेवटची वस्तू, झाकणाचा मोठा स्टीलचा डबा. तुमच्या गळाला काही लागो न लागो, सकाळी संस्थेची माणसं जाळं ओढून आली की पाळीवरच मासे विकतात. मी तिथूनच घेते. नागपुरात आई रस्सा करते आणि शेजाऱ्यांना सांगते, पोरीने पकडलेत. नऊच्या आत पोहोचा, मरळ आधी संपतो.