बोटाचा भाव

मंडळी, तुमच्या करंगळीची किंमत किती?

हसू नका, सरकारनं ठरवून ठेवलीय. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता. त्याच्या शेवटी एक यादी होती, अगदी हॉटेलातल्या दरपत्रकासारखी. कामावर अंगठा गेला तर माणसाची कमवायची ताकद ३० टक्के घटली असं धरायचं. तर्जनी अख्खी गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. म्हणजे साखरपुड्यात अंगठी घालायचं बोट आणि शाळेत मास्तरांना "जाऊ का?" म्हणून दाखवायचं बोट, दोन्ही एकाच भावात! एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे.

ही यादी मी वाचली ती मार्च २०२४ मध्ये, एका हातानं.

दरवर्षी ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह असतो. १९६६ साली त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून. आपल्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं फौंड्र्या आणि मशीनशॉप. त्यामुळं सप्ताह जोरात. शपथ, भाषणं, वडा-चहा. अशाच एका कारखान्यात बातमीसाठी गेलो होतो. पाहुण्यांचं "अपघात सांगून येत नाही" इथपर्यंत आलं आणि वारा सुटला. "सुरक्षा प्रथम" लिहिलेला फलक लोखंडी फ्रेमसकट घसरला. माझ्या डाव्या हाताची तर्जनी फ्रेम आणि कठड्याच्या मध्ये. नखासकट शेंडा गेला. हाड शाबूत. कायद्याच्या भाषेत ५ टक्के. माझ्या भाषेत काय ते इथं लिहिता येणार नाही, आई पोस्ट वाचते.

पाहुणे थांबले नाहीत. त्यांना वाटलं मी घोषणा दिली.

धावत आला तो प्रेसवरचा एक कंत्राटी कामगार. स्वच्छ फडकं घट्ट बांधलं, हात वर धरायला लावला. बांधणाऱ्या हाताला तीनच बोटं. माझी नजर बघून म्हणाला, "घाबरू नका सायेब. माझी दोन गेल्यात, तरी पत्त्यात अजून मीच जिंकतोय."

दवाखान्यापर्यंत सोबत आला. केसपेपर काढताना हळूच म्हणाला, "दारात सापडलं म्हणून सांगा. उगं लफडं नको."

"तुम्ही काय सांगितलं होतं?"

"कडबाकुट्टी." आणि खो खो हसला. "सायेब, आमच्या दारात एक म्हैस न्हाई. पण कागदावर माझी बोटं कडबाकुट्टीत गेल्यात."

मीही हसलो. भूल उतरल्यावर मात्र हसू आलं नाही. त्याचे २० टक्के त्या न पाळलेल्या म्हशीनं खाल्ले होते. आणि दुसरं मोठं नुकसान म्हणजे त्या प्रेसवर कागदोपत्री कधी कुणाला लागलंच नाही. मग गार्ड कशाला बसवायचा? उद्या तिथं दुसरं पोरगं उभं राहणार, दहाही बोटांचं.

माझं म्हणाल तर मी केसपेपरवर खरं ते लिहायला लावलं. बातमीतही अपघाताची एक ओळ घातली. सकाळी बघतो तर "सुरक्षा सप्ताह उत्साहात". डेस्कला फोन केला. "पाहुण्यांची नावं बसत नव्हती, म्हणून तुझं बोट कापलं." बिल माझं मीच भरलं. बातमीमागं पैसे घेणारा वार्ताहर कुणाचाच कामगार नसतो, त्याला हे ५ टक्के कोण देणार? ७ मे ला लोकसभेच्या मतदानाला गेलो तर शाई लावणारे गुरुजी बोट उलटंसुलटं करून विचारतात, "नख कुठं आहे?" म्हटलं, "कागदावर नाही, पण आहे कुठंतरी शिरोली-कागलच्या मधे."

आपण कोल्हापूरकर दुखणं चेष्टेवारी नेणारी माणसं. त्यात वाईट काही नाही. पण चेष्टा कट्ट्यावर करायची, केसपेपरवर नाही. कामावर लागलं तर डॉक्टरांना जागा, वेळ, मशीन, जे घडलं ते सांगा. केसपेपरची झेरॉक्स आपल्याजवळ ठेवा. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. ईएसआय लागू असेल तर लागल्यामुळं घरी बसलेल्या दिवसांचे साधारण ९० टक्के वेतन मिळतं. ती भीक नाही, तुमच्या पगारातून वर्गणी कापली जाते.

घरात कुणाचं बोट असं कागदावरच्या कडबाकुट्टीत गेलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. कारखान्याचं नाव नको, माणसाचंही नको. फक्त मशीन कुठलं आणि कागदावर काय लिहिलं, एवढंच. बघू तरी, म्हैस नसलेल्या किती घरांत कडबाकुट्टी आहे.